म्हैसूरने ठेवून घेतलेला डॉक्टर

वैद्यकीय प्रवेशाचा हंगाम आला की आपल्याकडे दर वर्षी तोच वाद नव्याने पेटतो. कुणाच्या जागा वाढल्या, कुणाच्या घटल्या, गुणवत्तेचे काय झाले, न्यायालय काय म्हणाले. या वादात विद्यार्थी असतो, त्याचे पालक असतात, शिकवणी वर्ग असतात आणि वकील असतात. रुग्ण मात्र कुठेच नसतो. कोणत्या घरांतली मुले डॉक्टर होतात यावर कोणत्या वस्तीपर्यंत डॉक्टर पोहोचतो हे ठरते का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मला या प्रश्नाचे उत्तर शोधताना धोरणविषयक अहवालांइतकाच उपयोग झाला तो एका डॉक्टरच्या चरित्राचा. त्यांना त्यांच्या जन्मभूमीने नाकारले आणि म्हैसूर संस्थानाने ठेवून घेतले. त्यांचे नाव डॉ. पद्मनाभन पल्पू.

केरळमध्ये हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. विंध्याच्या उत्तरेला ते जवळजवळ अपरिचित आहे, आणि ज्या कर्नाटकात त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षे घालवली, तिथेही ते फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

पल्पू यांचा जन्म २ नोव्हेंबर १८६३ रोजी त्रावणकोर संस्थानात, तिरुअनंतपुरमच्या पेट्टा भागात झाला. ते एळवा समाजाचे. माडी काढणे, काथ्या वळणे, शेतमजुरी हे या समाजातील बहुसंख्यांचे व्यवसाय, आणि त्रावणकोरच्या सामाजिक उतरंडीत त्यांचे स्थान अस्पृश्यांचे. देवळांचे दरवाजे बंद, कित्येक सार्वजनिक रस्ते बंद, सरकारी शाळांपैकी अनेक बंद आणि सरकारी नोकरी तर पूर्णच बंद. यातला उपरोध असा की वैद्यकी या समाजाला परकी नव्हती. एळवांमध्ये आयुर्वेदी वैद्यांची जुनी परंपरा होती. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातील औषधी ज्ञानाचा मोठा भाग इट्टी अच्युतन या एळवा वैद्याने पुरवला होता. ज्यांच्या ज्ञानावर युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ पोसले गेले, त्यांच्या वंशजांना दोनशे वर्षांनी आपल्याच राज्याच्या वैद्यकीय वर्गात बसण्याची मुभा नव्हती.

पल्पूंच्या वडिलांना इंग्रजी चांगले येत असे. वकिलीच्या परीक्षेला बसण्याची त्यांची इच्छा होती. जातीमुळे ती संधी मिळाली नाही. थोरले बंधू वेलायुधन पदवीधर झाले, पण त्रावणकोरने त्यांना नोकरी दिली नाही. त्यांनी मद्रास सरकारची चाकरी पत्करली. घरातले हे दोन अनुभव समोर असतानाही धाकट्या पल्पूंनी १८८४ मध्ये त्रावणकोर सरकारची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. त्यात ते वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, तरी प्रवेश नाकारला गेला. सरकारने कारण वयाचे दिले. खरे कारण काय, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते.

तेव्हा ते मद्रासला गेले. बंधूंच्या कमाईवर आणि उसनवारीवर शिकत त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजातून १८८९ मध्ये एल. एम. एस. ही पदवी मिळवली आणि ती घेऊन ते पुन्हा त्रावणकोरच्या दारात उभे राहिले. पात्रतेचा प्रश्न आता उरला नव्हता, वयाचाही नव्हता. तरीही नोकरी मिळाली नाही. ज्या राज्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या राज्याने हाताशी आलेला डॉक्टर परत पाठवला. अन्याय पल्पूंवर झाला हे आपण सहज पाहतो. पण त्याची किंमत त्रावणकोरच्या रुग्णांनीही मोजली, हे मात्र आपल्या नजरेतून निसटते.

मद्रास इलाख्यात देवीच्या लसीशी संबंधित खात्यात काही काळ काम केल्यावर १८९१ च्या सुमारास पल्पू म्हैसूर संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. गादीवर तेव्हा चामराजेंद्र वाडियार होते आणि दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. राजवाडा म्हैसूरला आणि कचेऱ्या बंगळूरला, अशी संस्थानाची व्यवस्था होती. पल्पूंचे काम मुख्यतः बंगळूरच्या लस केंद्रात सुरू झाले.

लसीकरणाशी म्हैसूरचे नाते जुने होते. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने १८०५ च्या सुमारास रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात म्हैसूर राजघराण्यातील तीन स्त्रिया दिसतात. त्यातील एक राणी दंडावरचा पदर किंचित सरकवून उभी आहे. देवीची नवी लस आपण टोचून घेतली आहे हे प्रजेला दाखवण्यासाठी ते चित्र काढले गेले, असा अर्थ इतिहासकारांनी अलीकडे लावला आहे. पुढे कितीतरी दशके ही लस एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी हातोहात दिली जाई. वरच्या जातींतील कुटुंबांचा त्याला विरोध असे, कारण खालच्या जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणे त्यांना सहन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली आणि हा अडथळा दूर झाला. पल्पू नेमके याच कामावर होते. ज्याच्या सावलीचाही त्याच्या गावात विटाळ होई, त्याच्या देखरेखीखाली तयार झालेली लस म्हैसूरच्या घराघरांत, सर्व जातींच्या दंडांत टोचली जात होती.

म्हैसूरने त्यांना का स्वीकारले? संस्थान पुरोगामी होते, हे उत्तर अर्धेच खरे आहे. मला वाटते, जात ही स्थानिक ओळखीवर जगणारी व्यवस्था आहे. त्रावणकोरमध्ये पल्पू आधी एळवा होते आणि मग डॉक्टर. म्हैसूरमध्ये एळवा म्हणजे कोण हेच कुणाला फारसे ठाऊक नसल्यामुळे ते आधी डॉक्टर ठरले. याच काळात म्हैसूरच्या स्वतःच्या ब्राह्मणेतर आणि दलित समाजांना सरकारी सेवेत जवळपास स्थान नव्हते, हे विसरून चालणार नाही. परक्या राज्यातील वंचिताला नोकरी देणे सोपे असते. आपल्या दारातल्या वंचिताला ती देण्यासाठी व्यवस्था बदलावी लागते.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला प्लेग आला. त्याआधीच्या वर्षी पुण्यात प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने काय अनर्थ केला, हे मराठी माणसाला सांगायला नको. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्राण ठेवला. त्याच वर्षी रँडचा खून झाला. बंगळूरमध्ये शहर ओस पडू लागले आणि धडधाकट माणसे गाव सोडून पळाली. पल्पू तिथेच राहिले. प्लेगच्या छावण्यांमध्ये, मृत आणि मरणोन्मुख माणसांच्या सान्निध्यात त्यांनी काम केले. या कामाची दखल घेऊन म्हैसूर सरकारने त्यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. केंब्रिजची सार्वजनिक आरोग्याची पदविका घेऊन ते परतले आणि बंगळूर शहराचे आरोग्य अधिकारी झाले. पुढे बडोदे संस्थानानेही आरोग्यविषयक सल्लागार म्हणून त्यांची सेवा घेतली.

एवढ्यावर थांबले असते तर हे चरित्र एका जिद्दी माणसाच्या यशाची गोष्ट म्हणून संपले असते. अशा गोष्टी आपल्याला आवडतात, कारण त्या व्यवस्थेला दोषमुक्त करतात. पल्पूंना मात्र आपल्या यशाचा हा अर्थ मान्य नव्हता. आपल्यामागे आणखी किती मुले परत पाठवली जात आहेत, याचा हिशेब मांडणे हे त्यांनी आयुष्यभराचे काम मानले.

१८९१ च्या जानेवारीत त्रावणकोरच्या महाराजांना दहा हजारांहून अधिक सह्यांचे एक निवेदन सादर झाले. राज्याच्या नोकऱ्या बाहेरून आणलेल्या ब्राह्मण अधिकाऱ्यांना न देता भूमिपुत्रांना द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. आरंभीच्या सह्यांमध्ये पल्पूंची सही होती. एळवांबाबत सरकारने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की हा समाज अशिक्षित आहे आणि आपल्या पारंपरिक धंद्यात समाधानी आहे. एळवा समाजातील एक पदवीधर आणि एक डॉक्टर राज्याबाहेर नोकरी करीत असताना हे उत्तर दिले गेले होते. आधी शिकू द्यायचे नाही, मग शिकलेल्याला नोकरी द्यायची नाही आणि शेवटी हा समाज शिकतच नाही असे सांगायचे, हा युक्तिवाद आजही पूर्णपणे कालबाह्य झालेला नाही.

३ सप्टेंबर १८९६ रोजी पल्पूंच्या पुढाकाराने १३,१७६ एळवांच्या सह्यांचे स्वतंत्र निवेदन सादर झाले. त्याची मांडणी आजच्या धोरण-अभ्यासकालाही शिकवून जाईल अशी होती. शेजारच्या ब्रिटिश मलबारात याच समाजाची माणसे वरिष्ठ सरकारी पदांवर आहेत, मग त्रावणकोरची सीमा ओलांडताच त्यांची लायकी कशी नाहीशी होते? एखादा एळवा ख्रिस्ती झाला की ज्या शाळा आणि नोकऱ्या त्याला खुल्या होतात, त्या आदल्या दिवशी त्याला बंद का असतात? त्यात भावनेचे आवाहन कमी आणि तुलना अधिक होती. निवेदन फेटाळले गेले. पल्पू थांबले नाहीत. वृत्तपत्रांत लिहिणे, जी. परमेश्वरन पिल्लै यांच्यामार्फत हा प्रश्न ब्रिटिश संसदेच्या कानावर जाईल असे पाहणे, व्हाइसरॉय कर्झनकडे अर्ज करणे, हे सर्व त्यांनी म्हैसूरची नोकरी सांभाळून आणि बहुतांशी पदरच्या पैशाने केले.

१८९२ च्या अखेरीस स्वामी विवेकानंद म्हैसूरला आले होते. महाराजांचा पाहुणचार घेऊन ते पुढे केरळकडे गेले. याच प्रवासात पल्पूंची आणि त्यांची भेट झाली आणि समाजातूनच उभ्या राहिलेल्या आध्यात्मिक नेतृत्वाभोवती संघटन करावे असा सल्ला स्वामींनी दिला, असे चरित्रकार सांगतात. तसे नेतृत्व त्रावणकोरमध्ये होतेच. श्री नारायण गुरूंच्या अरुविपुरम येथील कार्याला पल्पूंनी संघटनेची चौकट मिळवून दिली आणि १५ मे १९०३ रोजी श्री नारायण धर्म परिपालन योगमची स्थापना झाली. तिचे पहिले सरचिटणीस होते कुमारन आशान, जे पुढे मल्याळम भाषेचे महाकवी ठरले. या तरुणाला १८९५ मध्ये पल्पूंनी बंगळूरला आपल्या घरी ठेवून घेतले होते. चिन्नस्वामी म्हणून हाक मारीत त्यांनी त्याला श्री चामराजेंद्र संस्कृत महाविद्यालयात शिकवले. प्लेगमुळे ते शिक्षण खंडित झाले, तेव्हा त्याला कलकत्त्याला जाऊन पुढे शिकता यावे अशी व्यवस्थाही झाली. ज्या समाजाला शाळेत प्रवेश नव्हता, त्यातील मुलाला संस्कृत शिकवण्याचा खर्च एक सरकारी डॉक्टर आपल्या पगारातून करीत होता. मला हा तपशील त्यांच्या सर्व निवेदनांइतकाच महत्त्वाचा वाटतो. पल्पूंना जे घर आपल्या थोरल्या भावाने दिले, तेच त्यांनी पुढच्याला दिले.

दरम्यान म्हैसूरनेही आपल्या दारातल्या प्रश्नाकडे वळून पाहिले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हैसूरमध्ये १९१७ साली स्थापन झालेल्या प्रजामित्र मंडळीने ब्राह्मणेतरांचा प्रश्न महाराजांपुढे नेला. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते. त्यांनी पद सोडले. सात वर्षांच्या आत वरच्या पदांपैकी किमान निम्मी आणि खालच्या पदांपैकी दोनतृतीयांश पदे मागास समाजांना मिळावीत, अशी शिफारस समितीने केली आणि १९२१ मध्ये तसा आदेश निघाला. १९२४ मध्ये बंगळूरला संस्थानाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९३० मध्ये ते म्हैसूरला आले आणि कृष्णराजेंद्र रुग्णालयाशी जोडले गेले. एळवा डॉक्टरला नोकरी देणाऱ्या राज्याने आता आपल्या मागास मुलांना डॉक्टर होण्याची वाट तयार केली होती. ती वाट आधी जमीनधारक समाजांच्या उपयोगी पडली, दलितांच्या फार कमी आणि जंगलातील आदिवासींच्या जवळजवळ नाहीच, हेही नोंदवले पाहिजे.

पल्पूंनी त्रावणकोरच्या देवळांचे दरवाजे १२ नोव्हेंबर १९३६ रोजी सर्वांना खुले झालेले पाहिले. त्रावणकोर सरकारचे डॉक्टर होणे त्यांच्या नशिबी आले नाही. २५ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी भारताची राज्यघटना अमलात आली.

या आयुष्यात मला तीन दारे दिसतात. पहिले शिक्षणाचे, दुसरे नोकरीचे आणि तिसरे आपल्या माणसांत परत जाऊन काम करण्याचे. पहिले दार पल्पूंसाठी मद्रासने उघडले, दुसरे म्हैसूरने. तिसरे उघडलेच नाही. स्वतंत्र भारताचे सारे धोरण पहिल्या दाराशी घुटमळत राहिले आहे. २०२१ च्या जुलैमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळाल्या, तेव्हाही चर्चा प्रवेशापाशीच थांबली. प्रवेशानंतर वर्गात, वसतिगृहात आणि परीक्षेत काय घडते, हे सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संदर्भात दाखवून दिले होते. २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली आणि जातीय छळाचे आरोप पुढे आले, तेव्हा तो अहवाल पुन्हा आठवावा लागला.

तिसऱ्या दाराचे महत्त्व जगाने आता मोजून पाहिले आहे. अमेरिकेत लॅटिनो समाज लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के आहे. डॉक्टरांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील वैद्यकीय शाखेने २००४ मध्ये या समाजाची सेवा करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला. त्याच राज्यातील ओकलंड शहरात सुमारे १,३०० कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेल्या प्रयोगात असे दिसले, की समोरचा डॉक्टर आपल्यासारखा असेल तर रुग्ण प्रतिबंधक तपासण्यांना, विशेषतः सुई टोचावी लागणाऱ्या तपासण्यांना, अधिक सहज तयार होतो. विश्वास हाही उपचाराचा भाग आहे आणि त्याला भाषा असते, ओळख असते.

यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने एक संस्था उभारली आणि हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील जेनू कुरुबांसारख्या विस्थापित आदिवासींमध्ये काम सुरू केले. त्याआधीच डॉ. एच. सुदर्शन बिळीगिरी रंगन टेकड्यांवर सोलिगांमध्ये जाऊन राहिले होते. दोन्ही संस्थांना विवेकानंदांचे नाव आहे. सुदर्शन यांच्या संस्थेने पुढे आदिवासी मुलींनाच परिचारिका-प्रसाविकेचे प्रशिक्षण दिले, तेव्हा पाड्यावरची बाळंतीण आणि दवाखाना यांच्यातील अंतर खऱ्या अर्थाने कमी होऊ लागले. बाहेरून येणारा सेवाभावी डॉक्टर मोलाचा असतो. पण त्याच्यानंतर कोण, या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर पाड्यावरच्या शाळेत बसलेले असते.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. आश्रमशाळेतील आठवीच्या मुलीला विज्ञानाचा शिक्षक, दहावीनंतर शहरात राहण्याची सोय, प्रवेशानंतर शिकवणारा आणि सांभाळणारा वरिष्ठ आणि पदवीनंतर आपल्या जिल्ह्यात सन्मानाची, सुरक्षित आणि वेळेवर पगार देणारी जागा, ही साखळी सरकारने जबाबदारी म्हणून उभी केली पाहिजे. प्रत्येक राज्याने दर वर्षी दोन आकडे जाहीर करावेत: कोणत्या समाजातील किती विद्यार्थी वैद्यकीय पदवी पूर्ण करतात आणि त्यांपैकी किती जण डॉक्टरांची वानवा असलेल्या तालुक्यांत पाच वर्षांनंतरही काम करीत असतात. पहिला आकडा शिक्षण खात्याच्या कारभाराची परीक्षा घेईल, दुसरा आरोग्य खात्याच्या. पल्पूंना कमावता भाऊ होता आणि शेजारी म्हैसूर होते. आज गडचिरोलीच्या किंवा हेग्गडदेवनकोटेच्या मुलीला असा भाऊ नसेल आणि ठेवून घेणारे शेजारचे राज्यही नसेल, हे गृहीत धरूनच धोरण आखले पाहिजे.